श्री गाडगे महाराज : आजचा दिवस आणि समोरचा माणूस



आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. हा प्रघात स्तुत्य होय. 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे यांच्यासारखे वीर आपल्या महादेव कोळी समाजात जन्मले, ही गोष्ट आपल्या मुलाबाळांस ठाऊक असलीच पाहिजे. ज्याला आपल्या पूर्वजांचे स्मरण नाही, त्याला स्वतःची किंमतही कळत नाही. तथापि यंदा लेख लिहावयास बसताना आम्ही जाणूनबुजून वेगळी वाट धरली आहे. ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, आपल्या प्रांताचे नव्हते आणि सह्याद्रीच्या या डोंगराळ मुलखाशी त्यांचे जन्माचे नातेही नव्हते. ते वऱ्हाडातील परीट ज्ञातीत जन्मले. त्यांचे नाव श्री गाडगे महाराज.

परज्ञातीच्या पुरुषाचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आम्ही टाळणार नाही. मात्र उत्तराआधी चरित्र ऐकावे, एवढीच विनंती आहे. कारण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याची ज्ञाती विचारली नाही, त्याला आपल्या दारात उभे करून प्रथम त्याचीच ज्ञाती विचारणे बरे दिसणार नाही.

गाडगे महाराजांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडिलांचे नाव झिंगराजी आणि आईचे सखुबाई. आडनाव जानोरकर. बालकाचे नाव डेबूजी ठेवण्यात आले. घरची परिस्थिती एके काळी बरी होती; परंतु झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले आणि त्या व्यसनात शेत, घर आणि शेवटी प्रकृती असे सर्व काही गेले. डेबूजी आठ वर्षांचे असताना वडिलांनी जगाचा निरोप घेतला. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरगावी आल्या. तेथे डेबूजींचे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांचे शेतीचे घर होते. त्या घराने या मायलेकरांना आसरा दिला.

डेबूजी शाळेत गेले नाहीत. अक्षराची ओळख त्यांना कधी झाली नाही. त्यांनी मामाची गुरे राखली, नांगर धरला, नदीत पोहणे आत्मसात केले आणि कष्टाच्या कामात गावातील जाणत्या माणसांच्या बरोबरीने उभे राहू लागले. रात्री भजनी मंडळीत बसावे, टाळ वाजवावे आणि पहाटे पुन्हा शेतात जावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे लाखो लोकांना ज्यांनी मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घ्यावयास सांगितले, ते स्वतः निरक्षर होते. शिक्षकी पेशात आयुष्य घालविलेल्या आम्हांस या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. ज्याला शिक्षण मिळाले नाही त्याने शिक्षणाचा द्वेष केला नाही. उलट आपणांस जे लाभले नाही ते दुसऱ्याच्या लेकरास लाभावे, म्हणून तो झटला.

मामाच्या घरावर कर्ज होते. निरक्षर कुणबाव्याला सावकाराच्या वहीतील आकडे कळत नाहीत. आपल्या भागातील जुन्या माणसांना हे वेगळे सांगावयास नको. मूठभर पैशांसाठी दिलेला अंगठा पुढच्या पिढीचे शेत घेऊन जातो, हा अनुभव वऱ्हाडात होता तसाच भीमाशंकरच्या घाटमाथ्यावरही होता. चंद्रभान मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने ते खचून निवर्तले. तरुण डेबूजींनी हे सर्व उघड्या डोळ्यांनी पाहिले. मद्य आणि कर्ज या दोन शत्रूंविरुद्ध पुढे त्यांनी जन्मभर जे युद्ध केले त्याची कारणे अशी घरातच होती. ती त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती.

1892 साली डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. संसार सुरू झाला, मुले झाली. पहिल्या मुलीच्या बारशाच्या वेळचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ज्ञातीच्या रीतीप्रमाणे अशा वेळी पंक्तीला मांस आणि मद्य द्यावे लागे. ऐपत नसली तरी कर्ज काढून द्यावे लागे. न दिल्यास ज्ञातिबांधव रुसत आणि यजमानाची नाचक्की होई. डेबूजींनी त्या दिवशी गोडाचे साधे जेवण वाढले. मंडळी चिडली, कुरकुरली. पण डेबूजी डगमगले नाहीत. घरात लेकरू जन्माला आले त्या आनंदाच्या दिवशीच त्याच्या नावाने कर्जाचा बोजा चढवावा, हे त्यांना पटले नाही. ज्ञातीवर राग धरून ते पंक्तीतून उठून गेले नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या माणसांना जेवू घातले, प्रेमाने वाढले, पण चुकीच्या रीतीला मान तुकविली नाही.

1905 सालच्या फेब्रुवारी महिन्यात, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, डेबूजींनी घर सोडले. हातात काठी आणि मातीचे एक गाडगे, अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, असा त्यांचा वेष होता. त्या गाडग्यात ते भिक्षेची भाकरी घेत, त्यातूनच पाणी पीत आणि उन्हापावसात तेच डोक्यावर पालथे घालीत. लोक कोठे त्यांना गोधडेबुवा म्हणत, कोठे चिंधेबुवा, कोठे गाडगेबुवा. त्यांनी कोणत्याच नावाचा आग्रह धरला नाही. शेवटी गाडगे महाराज हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी बसले.

घर सोडणारे पुरुष आपल्या देशात पुष्कळ झाले. परंतु बहुतेकांनी अरण्याची किंवा मठाची वाट धरली. गाडगे महाराजांनी घर सोडले ते गावागावांत जाण्यासाठी. गावात शिरले की खराटा हाती घ्यावयाचा आणि जेथे घाण दिसेल तेथून झाडावयास प्रारंभ करावयाचा. वाट खचलेली असेल तर दगडमाती टाकून ती सारखी करावयाची. कोणाचे लाकूड फोडून द्यावयाचे, कोणाच्या शेतात राबावयाचे. काम झाल्यावर जी भाकरी मिळेल ती खावयाची. काम न करता अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा कडक नेम होता. ओळख न पटल्यामुळे त्यांना वेडा समजून हाकलून दिल्याचे प्रसंगही आले. त्यांनी त्याचा विषाद मानला नाही. सायंकाळी त्याच गावात कीर्तन करावयाचे आणि लोक सत्काराची तयारी करू लागले की पुढच्या गावाची वाट धरावयाची, असा त्यांचा परिपाठ होता.

या परिपाठाकडे आम्ही जितके पाहतो तितके आम्हांस त्यातील एक सूत्र स्पष्ट दिसू लागते. महाराजांच्या आयुष्यात उद्यावर टाकलेले असे काही नव्हते. आजच्या दिवसात हे गाव, ही वाट, हा कचरा आणि ही माणसे, एवढाच त्यांचा परमार्थ होता. कालच्या गावाने केलेला अपमान त्यांनी आजच्या गावात आणला नाही आणि आजच्या गावाने केलेला सन्मान उद्याच्या गावात नेला नाही. खराटा हाती असलेल्या माणसाला समोरची जमीन पाहावीच लागते. मागे पाहून झाडता येत नाही आणि आकाशाकडे पाहूनही झाडता येत नाही. वर्तमानात राहावे, असा उपदेश आजकाल मोठमोठ्या व्याख्यानांतून ऐकू येतो. महाराजांनी तो उपदेश केला नाही, तसे ते जगले.

त्यांचे कीर्तन हे एक निराळेच प्रकरण होते. वऱ्हाडी बोलीत, एखाद्या शेतकऱ्याने शेजाऱ्याशी बोलावे तसे ते बोलत. ते प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर वदवून घेत. देवाच्या नावाने बोकड कापला जातो, तो देव खातो की माणूस खातो, हे ते लोकांनाच सांगावयास लावीत. कर्ज काढून केलेल्या तेराव्याच्या जेवणाने मेलेल्याचे पोट भरते की सावकाराचे, हेही तसेच. सत्यनारायणाच्या प्रसादापासून जातीच्या विटाळापर्यंत कोणताच विषय त्यांनी सोडला नाही. मध्येच गोपाळाचे भजन सुरू होई आणि हजारो लोकांच्या टाळ्यांनी रान दुमदुमून जाई. पोथीतील स्वर्गाची वर्णने त्यांच्या कीर्तनात नसत. आज घरात मुलगा आहे, त्याला शाळेत घाला. आज हातात पैसा आहे, तो गुत्त्यात घालू नका. ताट नसेल तर हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाच्या शिक्षणाला खीळ घालू नका, असे त्यांचे सांगणे असे. आपल्याला कोणी गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत. पायाला हात लावू पाहणाऱ्यास ते दूर सारीत.

येथे त्यांच्या आयुष्यातील एक कठीण प्रसंग सांगणे अवश्य आहे. 1923 साली महाराज कोकणात खारेपाटण येथे कीर्तनासाठी गेले होते. त्यांचा मुलगा गोविंदा निवर्तल्याची वार्ता तेथे येऊन पोचली. कीर्तन थांबले नाही. जी मरणे या जगात रोज घडत आहेत त्यांतीलच हे एक, असे मानून त्यांनी दुःख गिळले आणि समोर बसलेल्या माणसांशी चाललेले बोलणे पूर्ण केले. हा प्रसंग ऐकून कित्येकांना महाराज कठोर वाटतात. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याचे अंतःकरण कठोर आहे तो आंधळ्या-पांगळ्यांची जखम धूत बसत नाही. पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौषात यात्रा भरे. त्या यात्रेत महाराज आंधळे, पांगळे, महारोगी यांना एकत्र करून स्वतः अन्न वाढीत, वस्त्रे वाटीत. अशा पुरुषाच्या डोळ्यांत स्वतःच्या मुलासाठी पाणी नव्हते, असे कोण म्हणेल? परंतु गेलेला मुलगा परत येणार नव्हता आणि समोर बसलेली माणसे मात्र होती. त्या क्षणी जे हातात होते ते काम त्यांनी केले. दुःख नाकारणे वेगळे आणि दुःखासह कर्तव्य करणे वेगळे. आम्ही त्यांच्या या वागण्याचा अर्थ असा लावतो.

आता पंढरपूरकडे वळू. वाचकांना ठाऊकच आहे की भीमा नदीचा उगम आपल्या भीमाशंकरी होतो. तळेघरावरून जी यात्रा श्रावणात आणि महाशिवरात्रीस वर जाते ती त्या उगमाच्या दर्शनास जाते. आपल्या रानात पडलेले पाणी घोड आणि भीमा या नद्यांतून वाहत जाऊन पंढरपुरास चंद्रभागा होते. त्याच चंद्रभागेच्या वाळवंटात गाडगे महाराज आषाढी-कार्तिकीस खराटा घेऊन उभे राहत. लाखो वारकऱ्यांनी केलेली घाण ते आणि त्यांचे सोबती झाडून काढीत. विठ्ठलाच्या दर्शनासाठी ते मंदिरात जात नसत. भक्तांची सेवा घडली म्हणजे देवाची भेट झालीच, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्या काळी पंढरीत एक विपरीत दृश्य दिसे. विठ्ठलाच्या ओढीने शेकडो कोस चालत आलेल्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना मंदिरात प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मंदिर दूरच राहो, रात्री पाठ टेकावयास धर्मशाळेत कोपराही मिळत नसे. भर पावसात ती माणसे बायकामुलांसह उघड्यावर बसत. महाराजांनी हे पाहिले आणि लोकांकडून वर्गणी गोळा करून त्यांच्यासाठी पंढरपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने धर्मशाळा उभी केली. महाराजांनी आपल्या परीट ज्ञातीसाठी धर्मशाळा प्रथम बांधली असती तर कोणी नावे ठेविली नसती. परंतु ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याची पाळी पहिली, हा त्यांचा हिशेब होता. पुढे ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, म्हणजे तेथे मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी. बाबासाहेब आणि महाराज यांना परस्परांविषयी मोठा आदर होता. एक विद्येचा सागर, दुसरा निरक्षर. एकाच्या हाती ग्रंथ, दुसऱ्याच्या हाती खराटा. पण मनुष्याला मनुष्य म्हणून वागवावे, या एकाच गोष्टीसाठी दोघांचे आयुष्य खर्ची पडले.

महाराजांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधविल्या. नद्यांवर घाट बांधविले, गोरक्षणाच्या संस्था काढल्या, अन्नछत्रे आणि वसतिगृहे चालविली. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर जमा झाले. त्यांतील एक पैसाही त्यांनी आपल्या कुटुंबाकडे वळू दिला नाही. संस्थांवर घरच्या माणसांचा हक्क सांगितला नाही आणि कुंताबाई झोपडीतच राहिल्या. 1952 साली या सर्व कार्याची घडी बसावी म्हणून श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा चालविण्याचे काम या मिशनने पुढे मोठ्या प्रमाणावर केले, याची नोंद आपल्या समाजाने कृतज्ञतेने घेतली पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेवर महाराजांचे प्रेम होते. 1954 साली कऱ्हाड येथे निघालेल्या त्या संस्थेच्या महाविद्यालयास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याने शाळेची पायरी चढली नाही, त्याचे नाव महाविद्यालयाच्या कमानीवर आले आणि पुढे अमरावतीच्या विद्यापीठालाही तेच नाव मिळाले.

वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत ही पायपीट चालू होती. शरीर थकले, तरी कीर्तन थांबले नाही. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते शेवटचे ठरले. त्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध असून ते आजही ऐकावयास मिळते. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, 20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ गाडगे महाराजांनी देह ठेवला. जन्मभर वाटेवर राहिलेला पुरुष वाटेवरच विसावला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. महाराष्ट्र शासनाने 2000 साली सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले आणि आपल्या आंबेगाव तालुक्यातील गावेही त्या निमित्ताने खराटे घेऊन बाहेर पडली.

चरित्र येथे संपते. आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देणे आले.

वर्तमानात जगणे आणि सर्व माणसांचा स्वीकार करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, असे पुष्कळांस वाटते. गाडगे महाराजांच्या चरित्रावरून आम्हांस त्या एकच वाटतात. मनुष्य समोर उभा असताना आपण त्याला पाहत नाही, त्याचा काल पाहतो. त्याचे आडनाव काय, त्याचा आजा काय करीत असे, त्याच्या हातचे पाणी आपले वडील पीत होते की नाही, हा सर्व कालचा हिशेब आहे. कालच्या हिशेबाला जात म्हणतात. तो मनुष्य आज भुकेला आहे की तृप्त, आजारी आहे की धडधाकट, त्याला आज काय हवे आहे, हे पाहिले की जातीचा प्रश्न उरतच नाही. महाराजांनी समोरच्याचा आज पाहिला. म्हणून त्यांना महारोगी अस्पर्श वाटला नाही, चोखोबांचा वारकरी परका वाटला नाही आणि आपल्याला हाकलून देणारा गावकरीही शत्रू वाटला नाही.

आपल्या समाजाने कालच्या हिशेबाचे दुःख पुष्कळ भोगले आहे. रानात राहणारे, हिरडा गोळा करणारे, भात-नाचणी-वरई पिकविणारे म्हणून शहरातील माणसांनी आपल्या मुलांना जंगली म्हणून हिणविले. आम्ही वर्गात शिकवीत असता डोंगरातून आलेल्या हुशार मुलांच्या माना त्या एका शब्दाने खाली गेलेल्या पाहिल्या आहेत. म्हणूनच एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आपल्या रानात कातकरी आणि ठाकर बांधवही राहतात. त्यांच्या घरी जेवावयाचे नाही, त्यांना पंक्तीत बसवावयाचे नाही, अशी जुनी रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी पाळली. ती आता पुष्कळ सैल झाली आहे, पण मनातून सर्वस्वी गेली आहे असे म्हणवत नाही. जो शब्द आपल्या लेकराला लागला तोच शब्द आपण कातकऱ्याच्या लेकरासाठी वापरू लागलो, तर आपण दुःखातून काय शिकलो?

आपल्या सभांत ज्ञातीच्या विद्यार्थ्यांसाठी निवास उभारावा, असा विचार वारंवार निघतो. तो अवश्य उभा राहावा. आपल्या मुलांची गरज मोठी आहे आणि ती भागविणे हे मंडळाचे पहिले काम होय. परंतु त्याचे नियम लिहिताना चार खाटा तरी अशा असाव्यात की ज्यांवर निजणाऱ्या मुलाची ज्ञाती कोणी विचारणार नाही. फक्त त्याला निवाऱ्याची गरज आहे की नाही, एवढेच विचारले जाईल. काही मंडळींचा यास विरोध आहे, हे आम्ही जाणतो. आपल्याच मुलांना पुरत नाही तेथे इतरांना कोठून द्यावे, असे ते म्हणतात. त्यांची तळमळ खरी आहे आणि तिचा आम्ही आदर करतो. त्यांना आम्ही एवढेच सांगू की महाराजांपाशीही कधी पुरेसे नव्हते. एक गाडगे होते. त्या एका गाडग्यातून त्यांनी जे उभे केले ते आज महाराष्ट्रभर दिसत आहे.

शिवाय आपल्याच तालुक्याने एक दिवस असा पाहिला आहे की त्याचे स्मरण पुरेसे व्हावे. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला आणि 151 माणसे मातीखाली गेली. त्यांत आपलीच नातीगोती होती. त्यानंतर कित्येक दिवस भर पावसात दूरदूरची माणसे तो चिखल उपसत होती. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान होते, डॉक्टर होते, भाकरीची गाठोडी घेऊन आलेले गावोगावचे लोक होते. चिखलात हात घालणाऱ्याची ज्ञाती त्या दिवशी आपण विचारली नाही आणि मातीखालच्या माणसाची ज्ञाती त्यांनी विचारली नाही. समोर जे होते तेच सर्वांनी पाहिले. त्या दुःखाच्या दिवसांत आपल्या सर्वांना जे सहज साधले, ते सुखाच्या दिवसांतही साधावे, यासाठीच संतांची चरित्रे वाचावयाची असतात.

कोणी म्हणेल की मग ज्ञातिमंडळ तरी कशाला हवे? आमचे मत तसे नाही. घराला उंबरा असतो, पण तो पाहुण्याला अडविण्यासाठी बांधलेला नसतो. आपल्या माणसांना एकत्र करावे, त्यांच्या अडीअडचणी दूर कराव्यात, मुलांना शिकवावे, व्यसने सोडवावीत, लग्नातील आणि तेराव्यातील कर्ज थांबवावे, यासाठी ज्ञातिमंडळ हवेच आहे. महाराजांनी आपल्या मुलीच्या बारशाला ज्ञातीला बोलाविले, प्रेमाने वाढले आणि ज्ञातीची चूकही दाखवून दिली. आपल्या मंडळाने हाच कित्ता गिरवावा.

तेव्हा वाचकहो, गाडगे महाराज आपल्या ज्ञातीचे नव्हते, हे खरे. परंतु येत्या श्रावणात भीमाशंकरच्या वाटेवर तळेघरात जो तहानलेला यात्रेकरू थांबेल, त्याला तांब्याभर पाणी देताना आपण त्याचे नावगाव विचारले नाही आणि यात्रा सरल्यावर रस्त्यावरचा केरकचरा आपल्या हातांनी उचलला, तर त्या पुरुषाशी आपले नाते जडले असे आम्ही समजू. हे काम अवघड नाही आणि त्यासाठी शुभ मुहूर्ताचीही गरज नाही. सर्व ज्ञातिबांधवांस आणि भगिनींस परमेश्वर अशी बुद्धी देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.